हेन्रीच्या लक्षात न राहिलेलं

कागदावर एक चांदणी छापलेली असते, एकेरी नव्हे, दुहेरी रेषेने. त्या दोन रेषांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून पेन्सिल फिरवत चांदणी पुरी करायची, रेषेला धक्का लागू द्यायचा नाही. काम बालवाडीतलं वाटतं. पण हात आणि कागद यांच्यावर आडोसा धरलेला असतो आणि दोन्ही फक्त समोरच्या आरशात दिसतात. मग भल्याभल्यांचा हात अडतो. वर जायचं म्हटलं की पेन्सिल खाली येते, कोपऱ्यावर तर ती जागच्या जागी घुटमळत राहते. सरावाने मात्र जमतं. आरशातल्या उलट्या दिशा हळूहळू अंगवळणी पडतात.

माँट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी हा प्रयोग अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका तरुणावर केला. तीन दिवस, रोज दहा वेळा. पहिल्या दिवशी त्याच्या रेषा वेड्यावाकड्या गेल्या, दुसऱ्या दिवशी सुधारल्या, तिसऱ्या दिवशी हात सफाईने फिरला. यात नवल काही नाही. नवल हे, की रोज त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागे. असलं काही आपण आधी केलंय हे त्याच्या गावीही नसे. शेवटी आपलीच सफाई पाहून तो चकित झाला. हे अवघड जाईल असं वाटलं होतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. हात शिकला होता आणि ज्याचा हात, त्याला पत्ता नव्हता.

त्याचं नाव हेन्री मोलेसन. २००८ साली वयाच्या ८२व्या वर्षी तो वारला, तोपर्यंत शास्त्रीय लेखांत त्याची ओळख ‘एच. एम.’ एवढ्या दोन अक्षरांपुरतीच होती. डोक्यात आठवणींचं एक कोठार असतं, तिथे सगळं साठतं आणि म्हातारपणी त्याला उंदीर लागतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो समज मोडून काढण्यात या एका माणसाचा जेवढा वाटा आहे, तेवढा क्वचितच कुणा शास्त्रज्ञाचा असेल. आणि स्मृतीचा धागा पकडून पुढे गेलं, की झोप, भावना आणि भाषा हे तीन वेगळे विषय उरत नाहीत. आठवण कधी पक्की होते, कुठली पक्की होते आणि कशाच्या आधाराने टिकते, या प्रश्नांची उत्तरं त्या तिघांकडे आहेत.

हेन्रीचा जन्म १९२६चा. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला हलके झटके येऊ लागले आणि पंधराव्या वाढदिवशी पहिली मोठी फिट आली. औषधांचे डोस वाढत गेले, फिटही वाढत गेल्या. टाइपरायटरच्या कारखान्यातलं जुळणीचं काम करणं अशक्य होऊन बसलं. हार्टफर्ड हॉस्पिटलचे सर्जन विल्यम बीचर स्कोव्हिल यांनी १९५३ साली त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. दोन्ही भुवयांच्या वर कवटीला दीड-दीड इंचाची भोकं पाडली. पेशंट जागा होता, फक्त तेवढी जागा बधिर केली होती. मेंदूचा पुढचा भाग किंचित उचलून, कानशिलांच्या आतल्या अंगाला असलेला भाग डावीकडून आणि उजवीकडून नळीने शोषून काढण्यात आला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा तुकडा गेला आणि त्याच्या टोकाशी असलेला, बदामाएवढा अमिग्डालाही गेला. हे भाग नेमकं काय काम करतात, ते त्या काळी कुणालाच धड माहीत नव्हतं.

फिट कमी झाल्या. पण हॉस्पिटलातली रोजची माणसं त्याला ओळखू येईनात, बाथरूमची वाट सापडेना. कुणाशी गप्पा मारल्या आणि तो माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, की हेन्री त्याला नव्याने भेटे.

मिल्नर तेव्हा माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड या नामवंत मेंदूशल्यविशारदांबरोबर काम करत होत्या. मेंदूच्या एकाच बाजूचा हा भाग काढल्यावर स्मृती ढासळलेले दोन पेशंट त्यांनी पाहिले होते, त्यांच्याविषयी लिहिलंही होतं. ते वाचून स्कोव्हिल यांनी त्यांना बोलावून घेतलं. एप्रिल १९५५मध्ये मिल्नर यांनी हेन्रीला तारीख विचारली, तर त्याने मार्च १९५३ सांगितली आणि वय २७. गंमत अशी, की त्याचा बुद्ध्यांक शस्त्रक्रियेआधी १०४ होता तो आता ११२ भरला. बोलणं नीट, विनोद शाबूत, वागणं सुसंस्कृत. नवं काही टिकत नव्हतं, एवढंच. दोघांनी मिळून १९५७ साली लिहिलेला लेख मेंदूविज्ञानातल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखांपैकी एक आहे. हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी काढू नका, असा इशारा त्यात स्पष्ट होता. ज्यांनी तो काढला त्यांनीच तो इशारा लिहिला, ही गोष्ट स्कोव्हिल यांच्या पदरात टाकायला हवी.

‘काही टिकत नव्हतं’ हे म्हणणंही पुरतं खरं नाही. मिल्नर यांनी एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनी विचारलं तर त्याने अचूक सांगितला. कसा? त्याचं गणित असं: पाच, आठ आणि चार मिळून सतरा. आठ लक्षात ठेवायचे. सतरातून आठ गेले, नऊ उरले. नऊचे दोन भाग, पाच आणि चार. झाले पाचशे चौऱ्याऐंशी. इतका वेळ तो हेच मनात घोळवत बसला होता. मग संभाषण दुसरीकडे वळलं आणि मिनिटाभरात आकडाही गेला आणि आपल्याला आकडा दिला होता हेही गेलं.

म्हणजे मनात धरून ठेवण्याची स्मृती शाबूत. हाताची, सवयीची स्मृतीही शाबूत; चांदणीने ते दाखवलं. बालपण, आईवडील, शाळा, युद्धाच्या काळातल्या बातम्या याही बऱ्याचशा शाबूत. तुटली होती ती फक्त मधली कडी: आता घडलेलं उद्यासाठी ठेवणारी. एका शब्दाखाली आपण ज्या गोष्टी खपवतो, त्या मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी चालतात. सायकल चालवणं, भाकरी थापणं, तबल्यावर बोट बसणं हे काम मेंदूच्या तळाकडच्या गाठी आणि मागचा लहान मेंदू करतात, आणि ते शब्दांत सांगता येत नाही. अल्झायमर झालेल्या आजींना नातीचं नाव सापडत नाही पण त्यांच्या बोटांना मोदकाच्या कळ्या पाडता येतात, त्यामागे हाच भेद असतो.

मग हिप्पोकॅम्पस करतो तरी काय? गेल्या दिवाळीची सकाळ आठवून पाहिली, तर उटण्याचा वास, कढईतल्या चकलीचा आवाज, आत्याचा चेहरा, तिने मारलेला टोमणा या सगळ्या गोष्टी मेंदूच्या बाहेरच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, वेगवेगळ्या जागी नोंदलेल्या असतात. त्या एकाच सकाळच्या आहेत, हे बांधून ठेवण्याचं काम सुरुवातीला हिप्पोकॅम्पसकडे असतं. पुढे महिन्यांनी, वर्षांनी त्या तुकड्यांचे आपापसांतले दुवे घट्ट होतात आणि त्याच्यावरचा भार कमी होतो. जुनं राहतं आणि नवं जातं ते यामुळे. हे दुवे घट्ट होताना दिसले ते १९७३ साली, सशांवर. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी हिप्पोकॅम्पसकडे येणाऱ्या चेतातंतूंना थोडा वेळ विजेचे झपाझप धक्के दिले, तर पेशींमधली देवाणघेवाण पुढे कित्येक तास वाढलेलीच राहिली. त्याआधी १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी गेल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. या पेशी आणि नंतर नॉर्वेत मोझर दांपत्याला सापडलेल्या त्यांच्या शेजारच्या पेशी मिळून मेंदूतला नकाशा तयार होतो. २०१४चं नोबेल या कामाला मिळालं.

नकाशा वापरून वापरून वाढतो का? लंडनला टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यभागातल्या सुमारे २५ हजार रस्त्यांची घोकंपट्टी करावी लागते. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली अशा १६ चालकांच्या मेंदूंचे स्कॅन काढले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा होता आणि धंद्यात जितकी वर्षं जास्त, तितका तो मोठा. पुढचा भाग मात्र लहान होता, हे सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे असाच अभ्यास हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाला. लहानपणापासून यजुर्वेद मुखोद्गत केलेले २१ पंडित त्यासाठी निवडले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, त्यांच्या मेंदूत भाषा आणि स्मृतीशी निगडित अनेक भागांचं करडं द्रव्य इतरांपेक्षा जास्त आढळलं. यावरून संस्कृत मंत्रांचा काही खास प्रभाव असतो, असे संदेश मोबाइलवर फिरू लागले. अभ्यास तसं काही सांगत नाही. दहा-दहा तास, वर्षानुवर्षं पाठांतर करणाऱ्याचा मेंदू बदलतो एवढंच त्यातून निघतं, आणि ते कमी नाही.

हेन्रीच्या कहाणीला एक खटकणारी बाजूही आहे. पन्नासहून अधिक वर्षं तो प्रयोगांना बसला, शंभराहून जास्त संशोधकांनी त्याला तपासलं. प्रत्येक वेळी तो आनंदाने हो म्हणायचा, आणि काही मिनिटांनी आपण कशाला हो म्हटलं ते विसरायचा. अशा होकाराला संमती म्हणायचं का? सुझन कॉर्किन यांनी १९६०च्या दशकापासून अखेरपर्यंत त्याचा अभ्यास केला, त्याच्या काळजीवाहू माणसांशी संबंध ठेवला, त्याचं नाव जपलं. तरीही स्कोव्हिल यांचेच नातू असलेले पत्रकार ल्यूक डिट्रिच यांनी २०१६ साली पुस्तक लिहून या सगळ्या व्यवहारावर कडक टीका केली. मृत्यूनंतर कॅलिफोर्नियात हेन्रीचा मेंदू गोठवून त्याचे २,४०१ पापुद्रे काढले गेले. ५३ तास चाललेलं ते काम जगभरातले लोक इंटरनेटवर बघत होते. स्कोव्हिल यांना वाटलं होतं त्यापेक्षा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग शिल्लक होता, हे त्यातून पक्कं झालं. ज्ञान मिळालं हे खरं. ते कुणाच्या खर्चाने मिळालं, हा हिशेब बाकी राहतो.

हेन्रीची शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षी, १९५३मध्ये, शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की हा विद्यार्थी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपत होता. सुरुवातीला त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच तारा लावून झोपवलं. झोपेत मधूनमधून डोळे पापण्यांखाली झपाझप फिरतात आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो, हे त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवलं. झोप म्हणजे मेंदूची सुट्टी, ही कल्पना तिथेच संपली. रात्रभरात साधारण दीड-दीड तासाच्या चार-पाच फेऱ्या होतात. आधीच्या फेऱ्यांत गाढ, संथ लहरींची झोप जास्त असते, पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची.

झोपेने आठवण टिकते हे त्याच्याही आधी लक्षात आलं होतं. कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरांच्या दहा-दहा जोडण्या पाठ करायला लावल्या. पाठ करून झोपल्यावर आठ तासांनी निम्म्याच्या आसपास आठवत. तेवढाच वेळ जागं राहिलं तर जेमतेम एखादी. त्या काळी याचा अर्थ असा लावला गेला, की झोपेत नवं काही कानांवर पडत नाही म्हणून जुनं पुसलं जात नाही. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवल्या. दिवसा पळताना ज्या पेशी एकत्र चेतत होत्या, त्याच पेशी उंदीर झोपल्यावर पुन्हा एकत्र चेतू लागल्या. उंदीर झोपेत दिवसाची उजळणी करत होता. हिप्पोकॅम्पसने सकाळी घाईघाईत बांधलेले दुवे रात्री कॉर्टेक्सकडे हळूहळू सोपवले जातात, असं आज मानलं जातं, आणि हे बहुतांशी गाढ झोपेत चालतं.

यावरचा सर्वांत सुबक प्रयोग जर्मनीत झाला, गुलाबाचा. २००७ साली ब्यॉर्न रॅश आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवायला सांगितल्या, आणि शिकताना खोलीत गुलाबाचा वास सोडला. रात्री ते गाढ झोपेत असताना तोच वास पुन्हा नाकाशी नेला. कुणी जागं झालं नाही, कुणाला वास आल्याचं सकाळी आठवलं नाही. तरीही त्यांना सुमारे ९७ टक्के जोड्या आठवल्या. वास नसलेल्या रात्रीनंतर हे प्रमाण सुमारे ८६ टक्के होतं. स्वप्नांच्या झोपेत दिलेल्या वासाचा उपयोग झाला नाही. शिकताना वास नव्हता आणि फक्त झोपेत दिला, तेव्हाही झाला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करून ‘सगळं एकदा वाचून टाकतो’ म्हणणारा विद्यार्थी नेमकी तीच पाळी बुडवतो, जिच्यात दिवसभराचं वाचलेलं मुरणार असतं.

आणि ज्यांना हिप्पोकॅम्पसच नाही त्यांचं काय? रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली २७ जणांना टेट्रिस हा खेळ खेळायला लावला. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून रांगेत बसवायचे, तो खेळ. त्यांतल्या पाच जणांची नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता हेन्रीसारखीच गेलेली होती. डोळा लागता लागता काय दिसतं, असं विचारल्यावर अनेकांनी पडणारे ठोकळे सांगितले. त्यांत त्या पाचांपैकी तिघेही होते. आपण कुठला खेळ खेळलो, खेळलो की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं. आकार मात्र डोळ्यांपुढे येत होते. स्वप्नांचा कच्चा माल कुठून येतो, याचं निदान एक टोक यातून हाती लागतं. तो केवळ घटनांच्या आठवणींतून येत नाही.

दिवसभरात हजार गोष्टी घडतात, रात्री सगळ्यांचीच उजळणी होत नाही. निवड करण्यात मोठा हात असतो भावनेचा. १९९४ साली कॅलिफोर्नियात लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली: आईबरोबर निघालेल्या मुलाला गाडीची धडक बसते, त्याला हॉस्पिटलात नेतात. आठवड्याने विचारलं तर अपघाताचा भाग लोकांना इतर भागांपेक्षा ठळक आठवला. ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे रक्तदाबासाठी आपल्याकडेही दिली जाणारी गोळी, दिली होती, त्यांना हा भाग इतर भागांइतकाच आठवला. भीती वाटली, धक्का बसला की शरीरात ॲड्रेनलिन उसळतं. त्याची वर्दी अमिग्डालापर्यंत पोचते आणि तो शेजारच्या हिप्पोकॅम्पसला हे जपून ठेवायला लावतो. गोळी ही वर्दीच अडवते.

ठळक म्हणजे बरोबर, असं मात्र नाही. २६ जुलै २००५च्या पावसात आपण कुठे अडकलो, कुणाच्या घरी रात्र काढली, हे कुणाही मुंबईकराला विचारावं; तो कपड्यांच्या रंगासकट सांगेल आणि त्यावर पैज लावेल. अशी पैज किती लोक हरतील, याचा अंदाज उल्रिक नाइसर यांच्या अभ्यासावरून येतो. जानेवारी १९८६मध्ये ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उडाल्या उडाल्या फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नाइसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं एकही उत्तर जुळलं नाही. त्यांना त्यांच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी आपली आताची आठवण खोटी असेल हे पटेना. भावना आठवणीला जोर देते. तिचा तपशील तपासून घेणं हे भावनेचं काम नाही. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात प्रत्यक्षदर्शीचा ठामपणा पुरावा म्हणून ऐकला जातो, तिथे हा अभ्यास सक्तीने वाचायला द्यायला हवा.

हेन्रीचा अमिग्डालाही गेला होता. तो क्वचितच चिडे. भूक लागली, दुखतंय, अशी तक्रार सहसा करत नसे. एकदा त्याचं जेवण झाल्यावर मिनिटाभरात दुसरं ताट समोर ठेवलं, तर तो तेही जेवला. जेवल्याचं आठवत नव्हतं हे कारण अर्धंच; पोट भरल्याची आतून येणारी जाणीवही बोथट झाली होती. तरी तो कोरडा नव्हता. १९६६ साली आई आजारी पडून हॉस्पिटलात होती, तेव्हा तिला भेटून आल्यावर भेट विसरली गेली, पण आईवडिलांपैकी कुणाचं तरी काहीतरी बिनसलंय अशी पुसट हुरहुर त्याला लागून राहिली. पुढे वडील वारले हे लक्षात राहत नाही म्हणून त्याने ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलं होतं.

घटना पुसली तरी भावना मागे राहते, हे एदुआर क्लापारेद या जिनिव्हाच्या डॉक्टरांनी १९११ सालीच नोंदवलं होतं. रोज भेटूनही त्यांना न ओळखणाऱ्या एका बाईशी हात मिळवताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली. पुढच्या वेळी बाईंना ना डॉक्टर आठवले ना टाचणी, पण त्या हात पुढे करेनात. प्रयोग आजच्या कुठल्याही नैतिक समितीपुढे टिकणार नाही. शंभर वर्षांनी, २०१० साली, आयोवा विद्यापीठात तोच प्रश्न अधिक सभ्यपणे विचारला गेला. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या पाच पेशंटांना रडवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिलं ते ते विसरले, पण खिन्नता राहिली. निरोगी माणसांपेक्षा जास्त वेळ राहिली. मनात खिन्नता आहे आणि तिचं कारण सापडत नाही, ही अवस्था. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांवर सकाळी कुणी खेकसलं तर ‘त्यांना काय आठवतंय’ असं घरात म्हटलं जातं. खेकसणं आठवत नसेलही. दुपारी ते जेवत नाहीत किंवा उगाच अस्वस्थ फेऱ्या मारतात, तेव्हा सकाळ आठवून पाहावी ती घरच्यांनी.

भाषेचा मेंदूशी संबंध हेन्रीच्याही कितीतरी वर्षं आधी सापडला होता, तोही एका दुर्दैवी माणसामुळेच. पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलात लबोर्न नावाचा माणूस २१ वर्षं होता. त्याला बोललेलं समजे, पण विचाराल त्याचं उत्तर एकच: ‘टान, टान’. १८६१ साली तो वारला आणि पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू पाहिला. डाव्या बाजूचा पुढचा भाग नासला होता. १८७४मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटं चित्र दाखवलं: डाव्या कानामागचा भाग गेला तर माणूस घडाघडा बोलतो, पण त्यातून अर्थ निघत नाही, आणि दुसऱ्याचं त्याला उमगत नाही. आज भाषा या दोन ठिपक्यांत मावत नाही हे माहीत झालंय. ती डाव्या मेंदूभर पसरलेल्या जाळ्यात चालते. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाच्या सगळ्या भाषा सारख्याच परत येतात असंही नाही. कुणाची आधी मातृभाषा येते, कुणाची रोजच्या वापरातली. घरी मराठी आणि कामावर हिंदी बोललेल्या माणसाची तपासणी एकाच भाषेत उरकली, तर निम्मं चित्रच हाती येतं.

हेन्रीची भाषा वरवर पाहता ठाकठीक होती. शब्दकोडी सोडवणं हा त्याचा आवडता उद्योग. पण १९५३नंतर इंग्रजीत आलेले शब्द त्याला जवळजवळ शिकताच आले नाहीत. म्हणजे नवा शब्द शिकतानाही हिप्पोकॅम्पस लागतो, आणि जुना शब्द वापरायला लागत नाही. मग २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्यासाठी खास कोडी तयार केली गेली. साल्क यांची पोलिओची लस आली १९५५मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर. ‘साल्क लसीने आटोक्यात आलेला बालपणीचा आजार’ अशी खूण दिली की सुरुवातीला तो अडे. तेच कोडं पुन्हा पुन्हा दिल्यावर मात्र तो ‘पोलिओ’ लिहू लागला. पोलिओ त्याला लहानपणापासून माहीत होता. नवी माहिती त्या जुन्या शब्दाला येऊन चिकटली. जिथे जुना आधार नव्हता तिथे ती चिकटली नाही. त्याने १९५८ साली नव्या घरात मुक्काम हलवल्यावर त्या घराचा आराखडाही कालांतराने कागदावर अचूक काढून दाखवला होता. रोज त्याच खोल्यांतून वावरल्याने, थेंबथेंब करून, तो आत गेला असणार.

भाषेचं आणि म्हातारपणीच्या स्मृतीचं नातं तपासणारा एक मोठा अभ्यास आपल्या शेजारी, हैदराबादला झाला. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षांनी उशिरा दिसली. पाश्चात्त्य देशांतल्या अशा अभ्यासांवर नेहमी एक आक्षेप असे: तिकडे दोन भाषा बोलणारे बहुधा स्थलांतरित किंवा अधिक शिकलेले असतात, मग फरक भाषेचा की शिक्षणाचा? हैदराबादेत तेलुगू, उर्दू, हिंदी या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत नांदतात, आणि कधीच शाळेत न गेलेल्या माणसांमध्येही हा फरक दिसला. तिसरी, चौथी भाषा येत असली तर आणखी फायदा झाला, असं मात्र आढळलं नाही. पुढे इतरत्र झालेले सगळेच अभ्यास हैदराबादशी जुळले नाहीत, त्यामुळे वाद मिटलेला नाही आणि ‘इंग्रजीचा क्लास लावा, अल्झायमर टाळा’ अशी जाहिरात कुणी केली तर ती खपवून घेऊ नये. आजार दुभाषिकांनाही होतो, तो उशिरा डोकं वर काढतो एवढाच दावा आहे. कारण म्हणून संशोधक मेंदूच्या पुढच्या भागाच्या सततच्या व्यायामाकडे बोट दाखवतात: समोर कोण आहे ते पाहून एक भाषा पुढे करायची आणि दुसरी, जी जिभेवर आलेलीच असते, ती दाबून ठेवायची. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, दुकानात मराठी आणि व्यापाऱ्याशी हिंदी किंवा कन्नड बोलणारी माणसं हे काम दिवसातून शेकडो वेळा करतात, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही.